महिला हिंसाविरोधी पंधरवडा, सातारा जिल्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की महिलांवरील हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या आमच्या गटाकडे फोन, निरोप आणि चिठ्ठ्या वाढू लागतात, आणि त्यांतले बरेच प्रश्न वर्षानुवर्षे तेच असतात. महाविद्यालयातल्या मुली, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बायका, काही भाऊ आणि वडील यांनी पुन्हापुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कोणाचीही ओळख पटेल असा तपशील त्यात ठेवलेला नाही. कायद्याविषयीची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे, त्यामुळे स्वतःच्या प्रकरणात वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. तो मोफत कसा मिळतो ते प्रश्न ६ मध्ये सांगितले आहे.

१. हा पंधरवडा कशासाठी असतो आणि २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर याच तारखा का?

डॉमिनिकन रिपब्लिक या देशात २५ नोव्हेंबर १९६० रोजी पात्रिया, मिनर्व्हा आणि मारिया तेरेसा या मिराबाल भगिनींची हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी हत्या केली. १९८१ मध्ये बोगोटा येथे जमलेल्या लॅटिन अमेरिकेतील स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी हा दिवस स्त्रियांवरील हिंसेच्या विरोधाचा दिवस म्हणून पाळायचे ठरवले. १९९१ पासून त्याला १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाशी जोडून जगभर मोहीम चालू झाली आणि १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २५ नोव्हेंबरला मान्यता दिली. बाईला होणारी मारहाण ही घरातली खासगी भानगड नसून मानवी हक्कांचा भंग आहे, हे ठसवण्यासाठी या दोन तारखा जोडल्या गेल्या.

आपल्याकडे याच दिवसांत संविधान दिन (२६ नोव्हेंबर), महात्मा फुले यांचा स्मृतिदिन (२८ नोव्हेंबर) आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन (६ डिसेंबर) येतो. फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यात आहे, सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव खंडाळा तालुक्यात आहे आणि बाबासाहेबांचे शाळेतले पहिले नाव साताऱ्यात दाखल झाले. त्यामुळे या पंधरवड्याचा विचार आपल्या जिल्ह्यात बाहेरून आणावा लागत नाही.

२. तुम्ही या काळात नक्की काय करता? मोर्चा आणि भाषणे एवढेच असते का?

मोर्चा असतो, पण तो एका दिवसाचा. बाकीचे दिवस आम्ही बाया जिथे असतात तिथे जातो : आठवडे बाजार, एसटी स्टँड, महाविद्यालये, बचत गटांच्या बैठका आणि ऊसतोड मजुरांचे तळ. १८१, ११२ आणि १०९८ हे मदतीचे क्रमांक (प्रश्न ४ पाहा) लिहिलेली चिठ्ठी आम्ही शक्यतो स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावतो, कारण स्टँडच्या भिंतीवर लावलेला कागद नवऱ्याबरोबर उभी असलेली बाई थांबून वाचू शकत नाही.

महाविद्यालयांत व्याख्यानाऐवजी आम्ही निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवतो. पहिल्या काही चिठ्ठ्या परीक्षेतल्या उत्तरासारख्या असतात. पुढच्या चिठ्ठ्यांमध्ये वर्गातल्या मुलाने जुने फोटो दाखवून दिलेल्या धमक्या, चुलत्याने केलेला स्पर्श, आईला रोज पडणारा मार असे सारे येते. या चिठ्ठ्या आम्ही मोठ्याने वाचून दाखवत नाही. चिठ्ठी लिहिणारीने खूण दिली असेल तरच तिला वेगळे भेटतो.

याखेरीज पंचायत समितीत जाऊन संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाईला मदत करणारे अधिकारी), पोलीस पाटील आणि आशाताई यांची एकत्र बैठक लावतो. तालुक्यातील संरक्षण अधिकारी कोण आहेत हे गावातल्या निदान चार माणसांना ठाऊक असावे, एवढी साधी अपेक्षा त्यामागे असते, आणि आमच्या मते पंधरवड्यातले सर्वांत महत्त्वाचे काम तेच आहे.

३. मारहाण झाली नाही तरी ती हिंसा धरली जाते का?

धरली जाते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारांचा समावेश आहे. मूल होत नाही म्हणून किंवा मुलगीच झाली म्हणून टोमणे मारणे, पासबुक आणि एटीएम कार्ड काढून घेणे, स्त्रीधन परस्पर गहाण टाकणे, घरखर्चाला पैसे न देणे, नोकरी सोडायला लावणे ही सारी त्याची उदाहरणे आहेत.

मुलगी नको असण्याची हिंसा तर जन्माआधीच सुरू होते. २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने 'नकुशी' अशा नावाने वाढलेल्या अडीचशेहून अधिक मुलींचा नव्याने नामकरण समारंभ केला, ही गोष्ट जिल्हा विसरलेला नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळ येथे २०१७ मध्ये स्त्रीभ्रूण पुरलेले सापडले, तेव्हा गर्भलिंग निदानाला बंदी करणारा कायदा होऊन दोन दशके उलटली होती.

४. त्रास होत असेल तर सर्वांत आधी कुठे जायचे?

जिवाला धोका असेल तर ११२ वर पोलिसांना फोन करावा. सल्ला किंवा आसरा हवा असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि मूल अडचणीत असेल तर १०९८. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, वैद्यकीय मदत, पोलीस आणि वकील यांची एकाच ठिकाणी सोय असते आणि थोडे दिवस राहताही येते.

मार लागला असेल तर आधी सरकारी रुग्णालयात जावे आणि कशाने लागले ते डॉक्टरांना खरे सांगावे. "पायरीवरून पडले" असे एकदा केसपेपरवर लिहिले गेले की पुढे न्यायालयात तेच वाक्य बाईच्या विरोधात वाचले जाते. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झाला असेल तर खासगी रुग्णालयालाही तातडीचे उपचार मोफत द्यावे लागतात आणि पोलिसांचे पत्र आणा असे म्हणून परत पाठवता येत नाही.

आधार कार्ड, लग्नाची पत्रिका किंवा फोटो, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्डाची प्रत आणि केसपेपर हे जमल्यास माहेरी किंवा विश्वासू मैत्रिणीकडे ठेवावेत. कागद नसले म्हणून कोणाचीही तक्रार अडत नाही.

५. पोलिसांत गुन्हा नोंदवणे आणि कोर्टात डीव्हीचा (डोमेस्टिक व्हायोलन्स, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा) अर्ज करणे यांत काय फरक आहे?

डीव्हीचा अर्ज हा संरक्षण मागण्यासाठी असतो. मारहाणीला मनाई, घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई हे सर्व एकाच अर्जात मागता येते. संरक्षण अधिकारी डीआयआर म्हणून ओळखला जाणारा घटना अहवाल भरून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, किंवा बाई थेट न्यायालयात जाऊ शकते. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत मिळावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात कितीतरी जास्त वेळ जातो, म्हणून कलम २३ खालील अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता) आदेश पहिल्याच अर्जात मागावा असे आम्ही आग्रहाने सांगतो.

पोलिसांतील गुन्हा शिक्षेसाठी असतो. नवऱ्याकडून किंवा त्याच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचे ४९८-अ हे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ यांनी घेतली असून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद कायम आहे. त्या तारखेआधीच्या घटनांना जुने कलमच लागते. दोन्ही मार्ग एकाच वेळी धरता येतात, आणि संरक्षणाचा आदेश मोडला तर तो मोडणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरतो. त्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

६. वकिलाची फी परवडत नाही. मग काय करायचे?

स्त्रीला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

७. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. तक्रार केली तर ते मला बाहेर काढतील का?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक बाया या एका भीतीपोटी वर्षानुवर्षे गप्प बसतात. ज्या घरात बाई नवऱ्याबरोबर नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग सातबारा किंवा घरपट्टी कोणाच्याही नावावर असो. सतीश चंदर आहुजा प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही यात येऊ शकते, असे स्पष्ट केले.

मात्र हा हक्क म्हणजे मालकी नव्हे. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची बाजूही न्यायालय पाहते आणि काही वेळा नवऱ्याने दुसरीकडे भाड्याने जागा द्यावी असा आदेश देते. म्हणून घर सोडण्याआधी एकदा वकिलाशी बोलावे. जिवाला धोका असेल तर मात्र क्षणभरही थांबू नये, कारण बाहेर पडल्याने हा हक्क बुडत नाही.

८. गावातल्या लोकांनी समेट घडवून दिला. तो मोडला तर आमचीच बदनामी होईल, असे घरचे म्हणतात.

गावाने घडवलेला समेट बाईला कायद्याने बांधत नाही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली तेव्हापासून बांधाचे, पाटाच्या पाण्याचे आणि भावकीचे अनेक वाद गावातच मिटले, आणि ते चांगले झाले. पण नवऱ्याने बायकोचे डोके फोडले हा बांधावरचा वाद नाही. अशा बैठकीत पंधरावीस पुरुष पारावर बसलेले असतात, बाई पदर सावरत कडेला उभी असते आणि "पुन्हा असे होणार नाही" या एका ओळीखाली तिची सही किंवा अंगठा घेतला जातो. पुन्हा झाल्यास काय, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेले नसते.

बाईला स्वतःला नांदायचे असेल तर आम्ही तिला अडवत नाही, तो निर्णय सर्वस्वी तिचा आहे. मात्र समेट लेखी असावा, त्यात अटी असाव्यात, त्याची प्रत तिच्याकडे राहावी आणि बोलणी चालू असताना तिच्या बाजूची माणसे हजर असावीत, हे आम्ही पाहतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात आम्ही कोणत्याही बैठकीला बसत नाही.

समेट नाकारला म्हणून जातपंचायतीने किंवा गावकीने कुटुंबाला वाळीत टाकले, तर तो महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

९. शेजारच्या घरात रोज मारहाण होते. मी तक्रार केली तर माझ्यावर उलटेल का?

कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना माहिती देऊ शकते, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तरीही त्या बाईशी, ती एकटी असताना, आधी बोलावे. तिला काय हवे आहे हे न विचारता केलेल्या तक्रारीचा राग घरात तिच्यावरच निघतो. प्रत्यक्ष मारहाण चालू असेल, किंवा घरात लहान मूल असेल, तेव्हा मात्र विचारत बसू नये. ११२ ला फोन करावा.

१०. आम्ही बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला साताऱ्यात आलो आहोत. तक्रार इथे घेतात का?

घेतात. बाई तात्पुरती जिथे राहते किंवा काम करते तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे डीव्हीचा अर्ज करता येतो, त्यामुळे कराड, कोरेगाव किंवा फलटणच्या न्यायालयात जाता येते. घटना दुसऱ्या जिल्ह्यात घडली असली तरी दखलपात्र (पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते आणि मग ती योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. फिर्यादीची प्रत मोफत मिळते आणि ती मागून घ्यावी.

कायदा एवढा सोपा असूनही या बाया ठाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. पंधरवडा आणि गळीत हंगामाची सुरुवात एकत्र येतात, म्हणून आम्ही संध्याकाळी तळावर जातो. दिवसभर मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून, गाडी भरून आलेली बाई कोपीपुढे, म्हणजे झोपडीपुढे, चूल पेटवते आणि भाकरी थापतानाच, मान वर न करता, बोलायला लागते. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडलेली असते, पण ती फेडण्याचे ओझे दोघांवर असते. बाई तळ सोडून निघाली की कोयता मोडतो आणि मग नवरा, मुकादम आणि टोळी अशा तिघांचाही दबाव तिच्यावर येतो.

अशा वेळी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. उचल फिटली नाही म्हणून कोणालाही अडकवून ठेवता येत नाही, वेठबिगार पद्धती १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. आणि मुकादमाने किंवा गाडीवाल्याने लैंगिक त्रास दिला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यासाठी कारखान्याच्या पटावर नाव असण्याची गरज नाही.

११. दारूबंदी झाली की मारहाण थांबेल, मग तुम्ही तेवढेच का करत नाही?

दारूच्या दुकानाविरुद्ध बायांनी दिलेला लढा आम्हाला मोलाचा वाटतो आणि आम्ही त्यात उतरलेलो आहोत. गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतले जाते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. जावळी तालुक्यातल्या बायांनी ही लढाई कशी लढली ते जिल्ह्याने पाहिले आहे.

पण न पिणारे नवरेही मारतात आणि पिणारे सगळेच मारत नाहीत. दारू पिऊन आलेला माणूस रस्त्यात फौजदाराला मारत नाही, घरी येऊन बायकोलाच मारतो. म्हणजे कोणावर हात उगारलेला चालतो याचा हिशेब त्याला त्या अवस्थेतही कळत असतो. दुकान बंद झाले की संध्याकाळचा धोका कमी होतो, हे आम्ही मान्य करतो. त्याने तिचा हक्क मात्र आपोआप मिळत नाही.

१२. सतरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले आहे. थांबवता येईल का? आणि झालेच असेल तर?

लग्न व्हायचे असेल तर १०९८ वर कळवावे. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाईहुकूम देऊ शकतात. कळवणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असे नाही.

लग्न झाले असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. असे लग्न मुलीला रद्द करून घेता येते, पण त्यासाठी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत, अर्ज करावा लागतो. ही मुदत अनेकींना ठाऊक नसते. पत्नी अठरा वर्षांखालील असेल तर तिच्याशी ठेवलेला शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. पोक्सो, म्हणजे मुलांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या, कायद्याप्रमाणे डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, आणि म्हणूनच गरोदर मुलीला दवाखान्यात नेण्याचे घरचे लोक टाळतात. आमचे सांगणे एवढेच की गुन्हा मुलीवर दाखल होत नाही. उपचार टाळून तिचा जीव धोक्यात घालू नये.

१३. लग्न न करता एकत्र राहणारी, घटस्फोट झालेली, किंवा म्हातारी आई यांना कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागतो का?

लग्नासारख्या संबंधात एका घरात राहिलेल्या स्त्रीला लागतो. घटस्फोट होण्याआधी झालेल्या हिंसेबद्दल घटस्फोटानंतरही अर्ज करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. आई मुलाविरुद्ध आणि बहीण भावाविरुद्ध अर्ज करू शकते. विधवा भावजयीला दीर घराबाहेर काढत असेल तर तीही करू शकते. २०१६ च्या निकालापासून सासू, नणंद, जाऊ किंवा सून अशा स्त्रियांविरुद्धही दाद मागता येते. पुरुषाने जुने लग्न लपवून ठेवले असेल तर प्रकरण गुंतागुंतीचे होते. तेव्हा प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे आधी वकील गाठावा.

१४. खोट्या तक्रारी होतात, निष्पाप माणसे तुरुंगात जातात. त्यावर तुम्ही का बोलत नाही?

तक्रार झाली की लगेच अटक होते, हा समज चुकीचा आहे. अर्णेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये असे बजावले आहे. पोलीस आधी नोटीस देऊन बोलावतात. डीव्हीच्या अर्जात तर अटकेचा प्रश्न आदेश मोडल्यावरच येतो. आमच्याकडे आलेल्या बाईचे म्हणणे आम्ही तारीखवार लिहून घेतो आणि घडलेच नाही ते तक्रारीत घालू देत नाही, कारण एक वाढवलेले वाक्य तिच्या शंभर खऱ्या वाक्यांना न्यायालयात पाडते. पण मार खाऊन आलेल्या बाईकडे पहिल्या भेटीतच संशयाने पाहणे आम्हाला मान्य नाही, आणि ते आम्ही कधीही करणार नाही.

१५. आमच्या गावात कार्यक्रम घ्यायचा आहे. काय करावे लागेल?

सरपंचांचे किंवा महाविद्यालयाचे साधे पत्र पुरते आणि आम्ही मानधन घेत नाही. बायांना शेतातून आणि कामावरून परतल्यावर येता येईल अशी वेळ ठेवावी. हार-तुरे, सत्कार टाळावेत. आमची एक अट पक्की आहे : बोलणाऱ्या बायांचे फोटो किंवा व्हिडिओ काढायचे नाहीत. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि कळवळ्याने पुढे पाठवलेला फोटोही त्यातून सुटत नाही.

१६. १० डिसेंबरनंतर तुम्ही भेटता का?

भेटतो. पंधरवड्यात ज्या बाया पहिल्यांदा बोलतात त्यांतल्या बऱ्याचजणी लगेच तक्रार करत नाहीत. कोणी संक्रांतीनंतर येते, कोणी मुलांची वार्षिक परीक्षा संपल्यावर, कोणी पुढच्या वर्षी. त्यामुळे आमची नोंदवही वर्षभर उघडी असते आणि तारखेला न्यायालयात सोबत जाणे हे काम बाराही महिने चालते. साक्षीच्या दिवशी कोणी सोबत हवे असेल तर आठवडाभर आधी कळवावे, आणि केस कोणत्या न्यायालयात आहे तेही सांगावे. दहिवडी आणि पाटणसारख्या लांबच्या ठिकाणी सोबतीण पाठवण्यासाठी सकाळची पहिली एसटी धरावी लागते.